रोबो-लढतीच्या गेममध्ये मार कसा मोजायचा आणि गुण कसे द्यायचे

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी त्या मांडतो. तुम्ही गोडो या गेम बनवायच्या इंजिनवर रोबो-लढतीचा, म्हणजे हत्यारं लावलेल्या यंत्रांच्या (बॉटांच्या) लढतीचा गेम करताय. तेच फिरतं पातं, तोच वेग, तोच प्रतिस्पर्धी. तरी एका टोल्यात समोरच्याची हेल्थ निम्मी होते आणि पुढच्या टोल्यात दोन आकडेही हलत नाहीत, हे का? दुसरं, संपूर्ण बॉटला एकच हेल्थ बार चालेल का? तिसरं, वेळ संपल्यावर गुण कसे द्यावेत, आणि बॅटलबॉट्स या अमेरिकन टीव्ही स्पर्धेत जास्त तोडफोड केलेला बॉट कधी कधी पंचांच्या निकालात हरतो, ते कसं?

मी कॉलेजांच्या रोबोवॉर्समध्ये बॉट बांधले आहेत, पंचांच्या खुर्चीतही बसलो आहे, आणि अशा गेमच्या फिजिक्सवर काम केलं आहे. त्या अनुभवावरून माझं ठाम मत आहे की या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. नुकसान म्हणजे टोला किती जोराचा होता ते नव्हे. टोल्यानंतर समोरच्याला काय करता येईनासं झालं, ते नुकसान. ऊर्जा, खोली, कोन, धातू हे सगळं त्या उत्तरापर्यंत जाणारे टप्पे आहेत. गेममध्ये हे टप्पे गाळून थेट आकडा वजा केला की नेमकं तुम्ही सांगताय तसं होतं.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे.

एक आडवं पातं धरा: २० किलो वजन, १ मीटर लांबी, मधोमध फिरणारं, मिनिटाला २००० फेरे. सरळ पट्टीचं मोमेंट ऑफ इनर्शिया (ती फिरवायला किती जड जाते त्याचं माप) म्हणजे वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग, भागिले १२. इथे ते साधारण १.६७ येतं. कोनीय वेग सेकंदाला २०९ रेडियन. गतिज ऊर्जा होते सुमारे ३६,५०० जूल. टोकाचा वेग ताशी ३७७ किलोमीटर. बॅटलबॉट्समध्ये टोकाच्या वेगाला ताशी २५० मैलांची, म्हणजे साधारण ४०० किलोमीटरची मर्यादा असते, म्हणजे आपलं पातं कायद्यात बसतं.

आता ही ३६,५०० जूल ऊर्जा पूर्णच्या पूर्ण समोरच्या ११० किलोच्या बॉटला वर फेकण्यात गेली असती, तर तो जवळजवळ ३४ मीटर उंच गेला असता. अकरा मजली इमारतीएवढा. प्रत्यक्षात सगळ्यात देखणा टोला बसला तरी बॉट दोन-तीन मीटर उडतो. म्हणजे पात्यातल्या ऊर्जेचा फार थोडा भाग फेकण्यात जातो. बाकीची धातू वाकवण्यात, ठिणग्यांत, मारणाऱ्या बॉटला स्वतःला मागे ढकलण्यात जाते, आणि बरीचशी तर पात्यातच राहते, कारण पातं थांबतच नाही. तुमच्या कोडमध्ये टक्कर झाली की पात्याची सगळी ऊर्जा नुकसानात धरली जात असेल, तर ते आधी काढा.

किती ऊर्जा उतरते हे ठरवणारी गोष्ट म्हणजे बाइट. पात्याचा दात समोरच्याच्या अंगात किती खोल शिरतो, ते अंतर. मिलिंग मशीनवर काम केलेल्यांना हे लगेच कळेल, कारण तिथे फीड पर टूथ म्हणतात ते हेच. एक दात गेल्यावर दुसरा त्याच जागी येईपर्यंत समोरचा बॉट जेवढा जवळ सरकतो, तेवढाच दुसऱ्या दाताला चावा मिळतो. आपल्या पात्याला दोन टोकं आहेत. २००० फेऱ्यांना एक फेरा ०.०३ सेकंदांत होतो, म्हणजे दर ०.०१५ सेकंदाला एक टोक समोरून जातं. दोन बॉट एकमेकांकडे सेकंदाला ५ मीटर वेगाने येत असतील तर बाइट ७५ मिलिमीटरपर्यंत मिळू शकते. तो टोला लढत संपवतो. तेच दोन बॉट एकमेकांना अर्ध्या मीटरच्या वेगाने चाचपडत भिडले, तर बाइट साडेसात मिलिमीटर. पातं कातडं खरवडतं, ठिणग्या उडतात, आवाज कानठळ्या बसवणारा येतो, आणि काहीही तुटत नाही.

यातून एक गोष्ट निघते जी नवख्यांना पटत नाही: फेरे वाढवले की मार वाढेलच असं नाही. उभी डिस्क मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरवली आणि तिला दोन दात असले, तर सेकंदाला ५ मीटरच्या धडकेतही बाइट २५ मिलिमीटरच मिळते. ऊर्जा साठते भरपूर, पण उतरवायला तोंड नाही. म्हणूनच अनेक चांगले बांधणारे एकाच दाताची डिस्क करतात आणि दुसऱ्या बाजूला तोल सांभाळायला वजन ठेवतात. म्हणूनच कसलेला चालक धडकेच्या क्षणी पूर्ण वेगात पुढे येतो. तुमच्या गेममध्ये बाइट आली की खेळणाऱ्याला हे कौशल्य आपोआप शिकावं लागेल. माझ्या मते अशा गेमची सगळी मजा तिथेच आहे.

म्हणजे टोल्याटोल्यात फरक पडणं मुळात चूक नाही. पण तुमच्याकडे जो फरक पडतोय त्याचं कारण बहुधा हे नाही, ते इंजिनाच्या घड्याळात आहे.

गोडोचं फिजिक्स मुळात सेकंदाला ६० वेळा चालतं. २००० फेरे म्हणजे सेकंदाला १२,००० अंश. भागिले ६० म्हणजे एका पावलात, फिजिक्सच्या एका हिशेबात, पातं २०० अंश फिरतं. पातं दोन्ही बाजूंनी सारखं असल्याने इंजिनाला दिसतं ते एवढंच की पट्टी आधीच्या जागेपासून २० अंश सरकली. मधल्या १८० अंशांत काय आलं, काय गेलं, याची त्याला खबरच नाही. अजून गमतीचं म्हणजे बरोबर १८०० फेऱ्यांना पातं एका पावलात १८० अंश फिरतं, म्हणजे दर वेळी त्याच जागी दिसतं. इंजिनाच्या लेखी ते स्थिर उभं आहे. अशा वेळी प्रतिस्पर्धी नेमक्या कोणत्या पावलाला पात्याच्या कोनात सापडतो, यावर टोला बसणार की आरपार जाणार ते ठरतं. ज्या पावलाला सापडला, त्या पावलाला मात्र वेग पूर्ण धरला जातो आणि प्रचंड आवेग (धक्क्याचा जोर) येतो. एकदा निम्मी हेल्थ आणि एकदा दोन आकडे, ते यामुळे.

त्यात आणखी एक छुपी गोष्ट. बहुतेक इंजिनांत फिरण्याच्या वेगाला मुळात वरची मर्यादा घातलेली असते. युनिटी या दुसऱ्या इंजिनात ती सेकंदाला ७ रेडियन असते, म्हणजे मिनिटाला जेमतेम ६७ फेरे. गोडोतही वापरता येणाऱ्या जोल्ट फिजिक्समध्ये साधारण ४७ रेडियन, म्हणजे ४५० फेरे. तुम्ही २००० लिहिलं असेल आणि प्रत्यक्षात पातं त्याच्या पाव वेगानेही फिरत नसेल. आधी एकदा खरा वेग छापून बघा.

यावर उपाय म्हणून फिजिक्सचं पाऊल सेकंदाला २४० केलंत, तरी प्रत्येक पावलाला ५० अंश उरतातच. मी वेगळा रस्ता घेतो आणि तोच सुचवेन. पात्याची टक्कर इंजिनावर सोडूच नका. पातं फिरतं ती पूर्ण चकती एक पोकळ क्षेत्र (कोणी आत शिरलं की कळतं, पण टक्कर होत नाही असं) म्हणून ठेवा. पात्याचा कोनीय वेग हा एक साधा आकडा म्हणून सांभाळा. डोळ्यांना दिसणारं पातं त्या आकड्याप्रमाणे फिरवा, पण टकरीत ते नको. प्रतिस्पर्ध्याचा भाग त्या चकतीत शिरला की दोघांचा जवळ येण्याचा वेग घ्या, पुढचा दात यायला लागणारा वेळ घ्या, दोन्हींचा गुणाकार म्हणजे बाइट. ती दाताच्या उंचीपेक्षा जास्त होऊ देऊ नका. दाताच्या उंचीशी तिचं जे प्रमाण, त्या प्रमाणात ऊर्जा उतरवा. उतरलेली ऊर्जा पात्याच्या साठ्यातून वजा करा आणि नवा वेग काढा.

ही शेवटची वजाबाकी विसरू नका, कारण त्यातूनच लढतीला लय येते. ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. पातं २००० वरून १४०० वर आलं, म्हणजे वेग तीस टक्क्यांनी पडला, की ऊर्जा जवळजवळ निम्मी गेलेली असते. पूर्ण थांबलेलं पातं परत ३६,५०० जुलांपर्यंत न्यायला सरासरी ५ किलोवॅट देणाऱ्या मोटरला सात सेकंदांहून जास्त लागतात. हे सात सेकंद म्हणजे वेज (पुढचा उतरता, पाचरीसारखा भाग) लावलेल्या, ढकलणाऱ्या बॉटची संधी. खऱ्या रिंगणात स्पिनरला, म्हणजे फिरत्या हत्याराच्या बॉटला, हरवण्याचा जुना मार्ग हाच: पहिला टोला मजबूत पुढच्या भागावर झेलायचा आणि मग त्याला श्वास घेऊ द्यायचा नाही.

ढकलाढकलीतून येणाऱ्या खोट्या नुकसानाचाही बंदोबस्त करा. दोन बॉट भिंतीला चिकटून एकमेकांना रेटत असताना इंजिन दर पावलाला बारीक बारीक आवेग कळवत राहतं. ते सगळे बेरजेत गेले की नुसतं उभं राहून बॉट मरतो. आणि एकाच टोल्याचे चार-पाच संपर्कबिंदू कळवले जातात, ते वेगवेगळे टोले धरले की मार चौपट होतो. एका दाताच्या एका फेरीला एकच टोला, एवढा नियम ठेवा आणि खाली सांगतो ती किमान मर्यादा लावा. दोन्ही त्रास जातात.

आता दुसरा प्रश्न, हेल्थ बारचा. एकच बार नको. यावर मी तडजोड सुचवणार नाही.

खरा बॉट एकदम मरत नाही, तो तुकड्यातुकड्याने पांगळा होत जातो. एक चाक गेलं की वळताना ओढला जातो. पट्टा सुटला की पातं थांबतं, पण बॉट धावतो. बॅटरीचा कनेक्टर धक्क्याने निसटला की वरून एक ओरखडा नसताना सगळं बंद. २००३ साली आलेल्या रोबोट अरीना २ या गेमने हे ओळखलं होतं. गॅब्रिएल इंटरॅक्टिव्हने तो हॅवॉक या फिजिक्स इंजिनावर बांधला होता आणि त्यात प्रत्येक घटकाला स्वतःचे हिट-पॉइंट होते. चाक उडून जायचं, हत्यार तुटून रिंगणात पडायचं, आणि उरलेला बॉट उरलेल्या अंगाने लढायचा. घटकांचे आकडे साध्या मजकुराच्या फाइलींत असल्यामुळे खेळणाऱ्यांनी ते बदलून बदलून मोठमोठे मोड (गेमच्या बदललेल्या आवृत्त्या) तयार केले. गेम दिसायला आज जुना वाटेल, पण नुकसानाची ही कल्पना अभ्यासण्यासारखी आहे. एकदा जरूर खेळा.

प्रत्येक घटकाला मी तीन गोष्टी देतो. पहिली, सोसण्याची किमान मर्यादा. तिच्याखालच्या टोल्याने काहीच होत नाही, कारण धातू लवचिक मर्यादेत असतो. वाकतो आणि परत येतो. मर्यादेच्या वरच्या टोल्यातून ती मर्यादा वजा करून उरलेलीच ऊर्जा नुकसानात धरा. नुसतं ओलांडली का एवढंच तपासून पूर्ण ऊर्जा धरलीत, तर मर्यादेच्या जरा खाली शून्य आणि जरा वर एकदम मोठा आकडा येईल. खेळणाऱ्याला ते अन्यायाचं वाटतं, आणि खरंच तसं असतं. दुसरी, एकूण सोसण्याची क्षमता. तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची, क्षमता कमी होत जाते तसं काम कसं कमी होतं त्याचा आलेख. रबरी चाक अर्धं खाल्लं गेलं तरी साठ-सत्तर टक्के पकड देतं. साखळी मात्र शेवटपर्यंत शंभर टक्के चालते आणि तुटली की शून्य. मोटर गरम होत होत दम टाकते. हे आलेख वेगवेगळे ठेवलेत की प्रत्येक बॉटचं मरण वेगळं दिसतं.

धातूंबद्दल थोडं. एआर५०० या कठीण पोलादाची मर्यादा उंच असते. ते सहसा टिकतं, पण बसलेला धक्का आतल्या बोल्टांना आणि वायरिंगला पोचवतं. ग्रेड ५ टायटॅनियम वजनाला हलकं आणि चिवट, आणि त्यावर घाव बसला की पांढऱ्याशुभ्र ठिणग्यांचा फवारा उडतो. यूएचएमडब्ल्यू हे चिवट प्लॅस्टिक याच्या उलट वागतं. त्याचे लचके निघतात, लढतीनंतर ते कुरतडल्यासारखं दिसतं, पण धक्का स्वतःत जिरवतं आणि आतला माल वाचवतं. गेममध्ये हे दाखवायचं तर चिलखताला दोन आकडे लागतील: स्वतः किती सोसतं आणि आत किती जाऊ देतं. आत गेलेला धक्का त्या बाजूच्या आतल्या घटकांत वाटून द्या.

कोनाचा हिशेब सोपा आहे आणि तरी बरेच जण गाळतात. पृष्ठभागाला लंब असलेला वेगाचा भागच चावतो. उतरत्या वेजवर पातं आलं आणि लंब भाग निम्मा राहिला, तर त्या दिशेची ऊर्जा पावच राहते. साध्या वेजच्या बॉटने भयंकर स्पिनर दमवलेले दिसतात ते या वर्गाच्या गणितामुळे.

आणि मारणाऱ्यालाही मार बसू द्या. न्यूटनचा तिसरा नियम रिंगणात फार निर्दय असतो. जेवढा आवेग समोरच्याला, तेवढाच आपल्या शाफ्टला, बेअरिंगला, चौकटीला. मोठं आडवं पातं घेऊन आलेले बॉट स्वतःच्याच टोल्याने गरगरत भिंतीवर आपटतात, कधी स्वतःचीच साखळी तोडतात. तुमच्या गेममध्ये मोठ्या पात्याचा बॉट सगळ्यांना भारी पडतोय अशी तक्रार पुढे येणारच आहे. तेव्हा त्याचा मार कमी करू नका. त्याच्या शाफ्टला त्याचा वाटा द्या.

आता गुण. इथे खरा खेळ कसा चालतो ते आधी सांगतो, कारण तिथे हे नियम वर्षानुवर्षं घासून घासून आजच्या रूपात आले आहेत.

२००० ते २००२ दरम्यान कॉमेडी सेंट्रल वाहिनीवर बॅटलबॉट्स चालायचं, तेव्हा तीन पंच असत, आणि आक्रमकता, नुकसान, डावपेच या तिन्हींना प्रत्येक पंचाकडे पाच-पाच गुण. एकूण ४५. तिन्ही गोष्टी समान. ब्रिटनच्या जुन्या रोबोट वॉर्समध्ये शैली, नियंत्रण, नुकसान आणि आक्रमकता असे चार निकष होते आणि सगळ्यात जास्त वजन आक्रमकतेला होतं. नंतरच्या, डिस्कव्हरीच्या काळातल्या बॅटलबॉट्समध्ये तीन पंच, प्रत्येकाकडे ११ गुण: नुकसानाला ५, आक्रमकतेला ३, नियंत्रणाला ३. म्हणजे त्याच लढतीला या तीन पद्धतींत वेगवेगळे निकाल लागू शकले असते. गुणांचं वजन ठरवताना तुम्ही कुठल्या तऱ्हेचे बॉट जिंकावेत ते ठरवत असता, हे ध्यानात ठेवा. आक्रमकतेला जास्त दिलंत तर ढकलणारे आणि समोरच्याला उलथवून टाकणारे फ्लिपर यांचं राज्य. नुकसानाला जास्त दिलंत तर स्पिनरांचं.

५-३-३ च्या पद्धतीत दोन बारकावे आहेत आणि मला ते फार आवडतात. एक, पंचाला प्रत्येक निकषाचे सगळे गुण दोघांत वाटावेच लागतात. नुकसानाचे ५ गुण ५-०, ४-१ किंवा ३-२ असेच जातात. दोघेही छान लढले म्हणून दोघांना चार-चार देता येत नाहीत. दुसरं, प्रत्येक निकषाचे गुण विषम आहेत, त्यामुळे बरोबरी कुठेच नाही. पंचाला कुणाचं तरी पारडं जड आहे हे सांगावंच लागतं. प्रत्येक पंचाचा एक विजेता, आणि तिघांतल्या दोघांनी ज्याला निवडलं तो जिंकला.

आता तुमचा तिसरा प्रश्न आकड्यांनी सोडवू. पहिल्या बॉटने नुकसान थोडं जास्त केलं, ३-२. पण दुसरा सतत अंगावर गेला, आक्रमकता २-१ त्याची. आणि त्याने लढत हवी तशी फिरवली, समोरच्याला भिंतीकडे रेटत नेलं, नियंत्रण ३-० त्याचं. बेरीज: पहिल्याला ३ अधिक १ अधिक ०, म्हणजे ४. दुसऱ्याला २ अधिक २ अधिक ३, म्हणजे ७. जास्त तोडफोड करणारा हरला, आणि निकाल बरोबर आहे. पण पहिल्याने नुकसान ४-१ केलं असतं आणि बाकी दोन्ही निकष १-२ असे गमावले असते, तर तो ६-५ ने जिंकला असता. त्याच ४-१ बरोबर नियंत्रण ०-३ गेलं की ५-६ ने हरला असता. ५-० नुकसान मात्र इतकं जड आहे की समोरच्याला बाकीचे सहाच्या सहा गुण मिळाले तरच निकाल फिरतो.

याचं ठळक उदाहरण २०१५ च्या बॅटलबॉट्सच्या अंतिम लढतीचं. एका बाजूला रे बिलिंग्ज यांचा टूमस्टोन, प्रचंड आडव्या पात्याचा, आधीच्या लढती चिरफाड करत आलेला. दुसऱ्या बाजूला पॉल व्हेंटिमिल्या यांचा बाइट फोर्स, ज्याच्याकडे तेव्हा फिरतं हत्यारच नव्हतं, पकडून उचलणारा जबडा होता. लढत पूर्ण वेळ चालली आणि पंचांच्या निकालावर बाइट फोर्स विजेता ठरला. पुढच्या वर्षांत बाइट फोर्स उभ्या स्पिनरच्या रूपात परतला आणि २०१८, २०१९ ही दोन्ही वर्षं त्याने जिंकली; पण ते पहिलं विजेतेपद टिकून राहण्याचं आणि ताबा ठेवण्याचं होतं.

पंच नुकसान पाहतात तेव्हा काय पाहतात, हे तुमच्या कोडसाठी महत्त्वाचं आहे. ते दिसण्यावर जात नाहीत, निदान जाऊ नयेत. टायटॅनियमच्या ठिणग्यांना गुण नाहीत. प्लॅस्टिकचा लचका निघाला पण बॉट तसाच धावतोय, तर ते किरकोळ. हत्यार बंद पडलं, एका बाजूची चाकं गेली, बॉट उलटा पडून सरळ होऊ शकत नाही, हे खरं नुकसान. पवईला आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये किंवा कुठल्याही कॉलेजच्या रोबोवॉर्समध्ये तुम्ही प्रेक्षकांत उभे राहिलात तर दिसेल, लोक ओरडतात ठिणग्यांना, आणि पंच बघत असतात चाकांकडे.

गेममध्ये पंच नाहीत, म्हणून हे तिन्ही निकष मोजता येतील असे करावे लागतात. नुकसानासाठी मी गमावलेल्या कामाची बेरीज करतो: धावण्याची क्षमता शंभरापैकी ४५, हत्यार ३५, बाकी शरीर २०. दोघांनी एकमेकांच्या केलेल्या नुकसानाचा एकूणातला वाटा काढायचा. नव्वद टक्क्यांवर ५-०, सत्तरच्या वर ४-१, त्याखाली ३-२. मात्र दोघांचं मिळून नुकसान फारच कमी असेल तर वाटा कितीही एकतर्फी असो, ३-२ च्या पुढे जायचं नाही. नाहीतर एका ओरखड्यावर ५-० लागतो.

आक्रमकता मोजताना धडकांची संख्या मोजू नका. खेळणारे टक टक टोकरत बसतील. त्याऐवजी प्रत्येक गाठभेट स्वतंत्र धरा, दोन सेकंद तरी दूर झाल्याशिवाय नवी गाठभेट नाही. धडकेच्या आधीच्या सेकंदात दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कोणाचा वेग किती होता ते पाहा. जो अंतर कापत आला तो आक्रमक. पळणाऱ्याच्या मागे लागलेल्याला गुण मिळतात, भिंतीजवळ पातं फिरवत वाट पाहणाऱ्याला नाहीत. हेच हवं आहे.

नियंत्रण सगळ्यात अवघड, आणि त्याचं परिपूर्ण सूत्र माझ्याकडेही नाही. पण दोन गोष्टी बऱ्यापैकी चालतात: किती वेळ तुमचं हत्यार समोरच्याकडे तोंड करून होतं आणि त्याचं तुमच्याकडे नव्हतं, आणि तुमच्या जोरावर तो किती अंतर, त्याला नको त्या दिशेने सरकला. पकडून धरून ठेवण्याला वेळेची मर्यादा घाला. खऱ्या स्पर्धांतही ती असते, नाहीतर लढत तिथेच थिजते.

नुकसानाचं श्रेय कोणाला, हे ठरवायलाही नियम लागेल. रिंगणातल्या करवतीवर किंवा हातोड्याखाली बॉट सापडला, तर मागच्या दोन-तीन सेकंदांत ज्याचा धक्का त्याला लागला त्याला श्रेय. कोणाचाच धक्का नसेल, म्हणजे तो स्वतः जाऊन अडकला, तर श्रेय कोणालाच नको. पण त्याची क्षमता तर गेलीच. स्वतःच्या टोल्याने स्वतःची साखळी तुटली तर? मी ते नुकसान समोरच्याच्या खात्यात निम्मं टाकतो, कारण तो टोला झेलण्यासाठी त्याने बॉट तसा बांधला होता. यावर मतभेद होतील, तुम्ही तुमचा नियम ठेवा, फक्त खेळणाऱ्याला तो आधी सांगा.

नॉकआउट या सगळ्याच्या वर. तीन मिनिटांच्या लढतीत बॉट हलेनासा झाला की दहा आकडे मोजतात आणि लढत संपते, गुणपत्रक उघडतच नाही. हलणं म्हणजे स्वतःच्या ताब्यात जागा बदलणं. एका चाकावर जागच्या जागी गोल फिरणारा बॉट हलतोय असं तुमच्या कोडला वाटेल, कारण त्याचा वेग शून्य नाही. म्हणून वेग नको, दहा सेकंदांत बॉटच्या मध्याने स्वतःच्या लांबीएवढी तरी जागा बदलली का ते तपासा, आणि समोरच्याने ढकललेलं अंतर त्यातून वगळा. साखळी स्पर्धा ठेवणार असाल तर २०१६ च्या रोबोट वॉर्सचा नियम घ्या: नॉकआउटने जिंकल्यास ३ गुण, पंचांच्या निकालाने जिंकल्यास २. त्यामुळे आघाडी घेतलेला चालकही शेवटचं मिनिट पळत काढत नाही.

हे सगळं घातल्यावर आकडे जुळवायला बसाल तेव्हा उलट्या बाजूने या. आधी मार जुळवू नका, आधी गुणपत्रक जुळवा. वीसेक लढती रेकॉर्ड करा, हेल्थचे सगळे आकडे पडद्यावरून काढून टाका आणि खेळ न बनवणाऱ्या तिघा मित्रांना ५-३-३ ने गुण द्यायला सांगा. त्यांचा निकाल आणि कोडचा निकाल शेजारी ठेवा. जिथे तिघेही एकमताने कोडच्या विरुद्ध गेले, तिथेच काहीतरी चुकलंय, आणि बहुतेक वेळा ते वर सांगितलेल्या दोनपैकी एक निघेल: रेटताना साचलेले बारीक टोले, किंवा कामात फरक न पडता मोजलं गेलेलं कातडीवरचं नुकसान. अशा दोन-तीन लढतींचे रेकॉर्डिंग आणि त्या वेळचे घटकांचे आकडे इथे टाका, मी पाहून नेमकं सांगतो.